एस्प्रेसो मशीन घेताना ग्राइंडर आतला असावा की वेगळा?

आपण लातूरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसे आहेत. आपण दोघे सकाळी दुधाशिवायची एस्प्रेसो घेता, तर आई आणि मुलगी संध्याकाळी दुधाची कॉफी घेतात. सगळा खर्च सत्तर हजारांच्या आत बसवायचा आहे, ओटा लहान आहे, पुण्यातील दुकानदाराने कॉफीच्या बिया (बीन्स) दळणारा ग्राइंडर आतच बसवलेले मशीन सुचवले आहे आणि अमेरिकेतील भाचा तिकडून स्वस्तात मशीन आणायला तयार आहे. छत्रपती संभाजीनगरात कॉफीचे दुकान चालवताना आणि आसपासच्या जिल्ह्यांतील घरगुती मशीन दुरुस्त करताना जे पाहण्यात आले, त्यावरून माझे मत असे आहे की आपण ग्राइंडर वेगळा घ्यावा, तो आधी निवडावा आणि उरलेल्या रकमेत मशीन पाहावे. यामागची काही कारणे कुठल्याही गावाला लागू पडतील, तर काही आपल्या मराठवाड्याच्या पाण्यामुळे आणि अंतरांमुळे निर्माण झालेली आहेत. दुकानदार बहुधा दुसऱ्या प्रकारची कारणे सांगत नाहीत, म्हणून त्यांवर मी जरा अधिक लिहिणार आहे.

एस्प्रेसोत साधारण १८ ग्रॅम दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार (हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट) दाबाने ढकलले जाते आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय कपात उतरते. दाब आणि तापमान देणे हे मशीनचे काम आहे, परंतु पाणी किती वेळात उतरेल हे कॉफीचा थर त्याला किती अडवतो यावर ठरते आणि ही अडवणूक मुख्यतः दळणाच्या बारीकपणावर अवलंबून असते. दळण जाडसर राहिले तर पाणी दहाबारा सेकंदांत धावत निघून जाते आणि पेय आंबट, पाणचट लागते; अती बारीक झाले तर थेंब थेंब गळत राहते आणि कडू होते. बरे, एकदा जमलेले दळण कायमचे जमले असेही होत नाही, कारण भाजल्यापासून दहाव्या दिवशी आणि पंचविसाव्या दिवशी त्याच बीन्स वेगळ्या वागतात, जुलैच्या दमट हवेतले दळण मे महिन्याच्या कोरड्या हवेत तसेच उतरत नाही आणि नवे पाकीट उघडले की जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. गिरणीवाला ज्वारी संपवून हरभऱ्याची डाळ घेताना दगडांमधले अंतर बदलतो, तेच काम इथे रोज करावे लागते. फरक इतकाच की येथे अंतर एक-दोन शतांश मिलिमीटरने हलवावे लागते.

आतल्या ग्राइंडरची खरी मर्यादा इथे आहे. ग्राइंडरच्या दातेरी पोलादी चकत्या किती जवळ आणाव्यात यासाठी अशा मशीनवर ठरावीक टप्पे दिलेले असतात. उदाहरणार्थ, डेलाँगीच्या ला स्पेशलिस्टा आर्टे या मशीनवर ८, ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्स्प्रेसवर १६ आणि त्याच कंपनीच्या बरिस्ता प्रोवर ३० टप्पे आहेत. या टप्प्यांपैकी एस्प्रेसोच्या उपयोगाचे मोजकेच असतात. एका टप्प्यावर पेय २० सेकंदांत उतरते आणि शेजारच्या टप्प्यावर ३८ सेकंद लागतात, अशी स्थिती आली की मधली जागा मशीनमध्ये उपलब्धच नसते. मग कॉफी अर्धा ग्रॅम वाढवून किंवा कमी करून तडजोड करावी लागते. बरिस्ता एक्स्प्रेसमध्ये आतल्या वरच्या चकतीची बैठकही बदलता येते आणि त्यामुळे पुष्कळशी अडचण सुटते, हे मान्य करायला हवे. एस्प्रेसोसाठी बनवलेल्या वेगळ्या ग्राइंडरवर मात्र ही जुळणी एकतर टप्प्यांविना सलग होते किंवा टप्पे इतके जवळजवळ असतात की मधल्या जागेची उणीव भासत नाही.

हा फरक जिभेला किती जाणवेल, हे कपात दूध आहे की नाही यावर ठरते. आई आणि मुलगी जी कॉफी पितात तिच्यात दीडशे मिलिलिटर दूध आणि साखर असेल, तर पाच-सात सेकंद इकडेतिकडे झालेली एस्प्रेसो त्यांना ओळखू येणार नाही. त्यांच्या कपाची गोडी कॉफीपेक्षा दुधावर अधिक अवलंबून आहे. दूध ६० ते ६५ अंशांच्या पुढे तापवू नये. म्हशीचे दूध वापरत असाल तर फेस दाट आणि जड येतो, गाईच्या दुधाचा तो जरा सैल आणि पसरणारा येतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. आपल्या चौघांनाही दुधाचीच कॉफी लागत असती, तर मी बहुधा दुकानदाराच्या बाजूने मत दिले असते. दुधाशिवाय पिणाऱ्या दोघांमुळे पारडे फिरते, कारण निव्वळ एस्प्रेसोत दळणातील चूक लपायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट बीन्सची. आपल्या वापराचा हिशेब केला तर रोज चार कप, म्हणजे बहात्तर ग्रॅमच्या आसपास कॉफी लागेल आणि पाव किलोचे पाकीट साडेतीन दिवसांत संपेल. आपल्या भागात ताज्या भाजलेल्या बीन्स बहुतेक कुरिअरनेच येतात, मग त्या नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनकडून मागवा, ब्लू टोकाईकडून मागवा किंवा थेट चिकमगळूरच्या एखाद्या मळ्यातून. सकाळी दुधाशिवाय पिण्यासाठी मध्यम भाजलेली अरेबिका आणि संध्याकाळी दुधासाठी गडद भाजलेली किंवा थोडी रोबस्टा मिसळलेली कॉफी ठेवावी, असे कोणालाही वाटेल. आतल्या ग्राइंडरच्या डब्यात एका वेळी एकच प्रकार भरता येतो आणि तो बदलायचा तर डबा रिकामा करावा लागतो. शिवाय चकत्यांच्या आणि नळीच्या फटीत आधीचे एक-दोन ग्रॅम दळण अडकून राहते, ते पुढच्या कपात उतरते. आजकाल मिळणाऱ्या बऱ्याच वेगळ्या ग्राइंडरमध्ये एका कपापुरत्या मोजलेल्या बीन्स टाकायच्या आणि तेवढ्याच दळून घ्यायच्या अशी सोय असते, त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी कॉफी सहज दळता येते.

डब्यात बीन्स भरून ठेवण्याबद्दल आणखी एक सांगणे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो, त्यातच आतला ग्राइंडर तापणाऱ्या बॉयलरच्या शेजारी बसवलेला असतो आणि त्यावरच्या पारदर्शक डब्यात बीन्स दिवसभर शेकत राहतात. गडद भाजलेल्या बीन्स अशा उष्णतेत तेल सोडतात, ते तेल चकत्यांवर आणि नळीत साचते, त्यावर वाफेचा ओलावा बसला की दळणाचा चिखल होऊन वाट तुंबते. माझ्याकडे येणाऱ्या आतल्या ग्राइंडरच्या तक्रारींत ही तक्रार नेहमीची आहे, तीही प्रामुख्याने पावसाळ्यात. मशीनच्या आतल्या उबदार आणि अंधाऱ्या जागी झुरळेही मुक्काम करतात, हे लिहायला बरे वाटत नाही, पण दुरुस्तीसाठी मशीन उघडणाऱ्या माणसाला ते माहीत असते.

आता पाणी. घरगुती एस्प्रेसो मशीन मराठवाड्यात बंद पडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. आपला प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळ असते आणि पाणी तापले की त्याचा पांढरा थर धातूवर बसतो. बादलीत टाकण्याच्या हीटरच्या कॉइलवर जो थर आपण पाहतो, तोच मशीनच्या आतल्या अरुंद नळ्यांमध्ये बसतो आणि तिथे तो खरवडून काढता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाण्याविषयी मी वेगळे काय सांगावे. मांजरा धरणाचे नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी हे तीन प्रकार एकाच वर्षात एकाच घरात येतात आणि तिन्हींचा क्षार वेगळा असतो. म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा एक साधा मीटर घ्यावा आणि पाण्याचा स्रोत बदलला की मोजावे. जागतिक पातळीवरील स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफीच्या पाण्यासाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅम टीडीएस हे लक्ष्य आणि ७५ ते २५० ही मर्यादा सुचवली आहे, तर भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास २००० पर्यंतचा चालवून घेण्याजोगा मानला जातो. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणी मशीनला योग्य असेलच असे नाही.

यावर बहुतेक जण घरातल्या आरओचे पाणी सरळ मशीनमध्ये ओततात. त्याने थर बसत नाही हे खरे, परंतु टीडीएस तीस-चाळीसच्या खाली गेलेल्या पाण्याची कॉफी सपक लागते, काही मशीनमधील पाण्याची पातळी ओळखणारी विद्युत यंत्रणा इतक्या निःक्षार पाण्याला पाणीच मानत नाही आणि फार शुद्ध पाणी धातूही हळूहळू खाते. आरओच्या पाण्यात गाळलेले नळाचे पाणी मिसळून मीटरवर शंभर ते दीडशेच्या दरम्यान आणावे, एवढे केले तर मशीनचे आयुष्य निश्चित वाढते. टँकरचे पाणी मचूळ लागत असेल तर ते मिसळण्यासाठी वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड चांगल्या स्टीललाही पोखरते. दर दोन-तीन महिन्यांनी उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणाने आतला थर काढावा.

पाण्याचा हा विषय ग्राइंडरच्या प्रश्नाशी असा जोडलेला आहे. मशीन पाण्याने झिजते आणि ग्राइंडर वापराने. रोज सत्तर ग्रॅम, म्हणजे वर्षाला पंचवीस-सव्वीस किलो कॉफी दळणाऱ्या घरात चांगल्या पोलादी चकत्या कित्येक वर्षे टिकतात. याउलट आपल्या पाण्यावर निष्काळजीपणे चालवलेले मशीन त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. दोन्ही एकाच पेटीत असले की मशीनसोबत सुस्थितीतला ग्राइंडरही अडगळीत जातो. उलटही घडते. बीन्समध्ये क्वचित बारीक खडा येतो, तो चकत्यांत अडकून मोटर थांबते आणि ग्राइंडर दुरुस्त होईपर्यंत धडधाकट मशीन बंद पडून राहते. लातूरकराला अधिकृत दुरुस्तीसाठी पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते, नांदेडकराची गतही फारशी वेगळी नाही आणि दहा किलोंची पेटी खोक्यात नीट बांधून पाठवणे, तिची वाट पाहणे, ती परत येताना फुटली नाही ना हे तपासणे यात महिना निघून जातो. ग्राइंडर वेगळा असेल तर एक वस्तू दुरुस्तीला गेली तरी दुसरी घरात राहते. मशीन नसले तरी ताजी दळलेली कॉफी मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवून कॉफी करण्याच्या भांड्यात) किंवा फिल्टरमध्ये करता येते आणि सकाळ अगदीच कोरडी जात नाही.

विजेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, दोनच गोष्टी सांगतो. अशा मशीनला १३०० ते १९०० वॅटपर्यंत वीज लागते, त्यामुळे ते १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे आणि घरच्या इन्व्हर्टरवर चालवण्याचा प्रयत्न करू नये. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरते तेव्हा तापवणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर ती जवळपास एकसष्ट टक्के उरते, मशीनला तापायला फार वेळ लागतो आणि सलग दुसरा कप कोमट उतरतो. ज्या भागात हे नेहमी होते तिथे मशीनच्या वॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर लावावा.

दुकानदाराच्या सल्ल्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आतला ग्राइंडर असलेल्या मशीनमध्ये दळण थेट पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे कॉफी भरून मशीनला अडकवायच्या दांडीच्या भांड्यात, पडते, सांडलवंड कमी होते, वायर एकच असते, वॉरंटी एकाच ठिकाणी असते आणि तेवढ्याच प्रतीचा ग्राइंडर वेगळा घेतला तर बहुधा जास्त पैसे पडतात. ज्या घरात रोज एकाच बीन्सची दुधाची कॉफी होते, कोणालाही सेकंद मोजण्याची हौस नाही आणि मशीन पुण्या-मुंबईत आहे, तिथे मी स्वतः असेच मशीन सुचवतो. ग्राइंडरच न घेता दळलेली पावडर आणणे हा तिसरा मार्ग मला पटत नाही. दळलेल्या कॉफीचा सुगंध लवकर उडतो आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पावडरीचा जाडेपणा घरी बदलता येत नाही. स्वस्त मशीनसोबत येणाऱ्या दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये (पोर्टाफिल्टरमध्ये बसणाऱ्या कॉफीच्या जाळीदार वाटीत) खाली एकच बारीक छिद्र असते, ते दाब आपोआप तयार करते आणि कुठल्याही पावडरीवर फेस आणून दाखवते. तो फेस पाहून फसू नये. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर तर एकेरी तळाच्या बास्केटमध्ये घालूच नये, ती फुगून वाट बंद करते. आठवड्यातून एखाद्या वेळी पिणाऱ्यांनी बियालेत्तीने १९३३ मध्ये आणलेल्या मोका पॉटसारखे भांडे घ्यावे. त्यातील दाब एक-दीड बारच असतो, म्हणून ती एस्प्रेसो नव्हे, पण ते गॅसवर चालते आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

आता आपल्या सत्तर हजारांची वाटणी. पंचवीस ते तीस हजार ग्राइंडरसाठी बाजूला काढावेत, एक-दोन हजार ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यासाठी आणि टीडीएस मीटरसाठी ठेवावेत आणि उरलेले मशीनला द्यावेत. हाताने फिरवायचा ग्राइंडर त्याच दर्जाच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि आपल्या सकाळच्या दोन कपांना तो पुरेसा आहे, पण चार कपांचे रोजचे दळण हाताने करणे काही आठवड्यांत जिवावर येईल असे वाटते. रविवारी पाहुणे आले तर विचारूच नका, जरी आपल्याकडे निम्मे पाहुणे शेवटी चहाच मागतात. म्हणून विजेचा, एका वेळच्या बीन्स टाकून दळणारा, सलग जुळणीचा ग्राइंडर शोधावा आणि घेण्यापूर्वी तो एस्प्रेसोइतके बारीक दळतो का हे विचारून घ्यावे; फिल्टर कॉफीसाठी बनवलेले कित्येक ग्राइंडर तेवढे बारीक दळत नाहीत. मिक्सरच्या भांड्याचा तर विचारही नको, त्याचे पाते दळत नाही, तुकडे करते.

मशीन पाहताना खोक्यावर छापलेल्या १५ किंवा २० बारच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. तो पंपाचा कमाल दाब आहे, कॉफीला ९ बार पुरतात. त्याऐवजी एकेरी तळाची बास्केट मिळते का आणि पोर्टाफिल्टरचा व्यास किती आहे हे विचारावे. डेलाँगी डेडिकासारख्या मशीनमध्ये तो ५१ मिलिमीटर असतो, बरिस्ता एक्स्प्रेसमध्ये ५४ आणि गॅजिया क्लासिक किंवा रँचिलिओ सिल्व्हिया यांच्यात ५८. दुकानांतील मोठ्या मशीनचे माप ५८ हेच असल्याने त्या मापाच्या बास्केट, कॉफी दाबून बसवण्याचे टँपर आणि रबरी गॅस्केट सहज मिळतात. लातुरात बसून सुटा भाग मागवणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. पण ५८ च्या हट्टापायी ग्राइंडरचे पैसे कमी करू नयेत. चांगला ग्राइंडर आणि साधे मशीन यांतून उतरणारी एस्प्रेसो साध्या ग्राइंडरच्या आणि महागड्या मशीनच्या एस्प्रेसोपेक्षा सरस असते आणि पुढे कधी मशीन बदलले तरी ग्राइंडर तोच राहतो.

लहान ओट्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. डेडिकाची रुंदी पंधरा सेंटिमीटर आहे आणि तिच्या शेजारी सडपातळ ग्राइंडर ठेवला तरी दोन्ही मिळून एका मोठ्या मशीनइतकीच जागा घेतात. ग्राइंडर मशीनला चिकटून ठेवण्याचीही सक्ती नाही. तो कमी वीज घेतो, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि वाफेपासून दूर, जेवणाच्या टेबलावर किंवा फ्रिजशेजारच्या फळीवर ठेवला तर अधिक बरा. वरच्या कपाटाची उंची मात्र आधी मोजून घ्यावी, कारण बीन्स वरून टाकाव्या लागतात आणि पाण्याची टाकीही बऱ्याच मशीनमध्ये मागून वर ओढून काढावी लागते.

राहता राहिला भाचा. अमेरिकेत विकले जाणारे मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालण्यासाठी बनवलेले असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. ते थेट आपल्या सॉकेटला लावले तर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर दीड-दोन हजार वॅटचा घ्यावा लागेल, तो जड आणि महाग असतो आणि त्याने हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे कंपनावर चालणारा पंप ज्या गतीसाठी बनवला आहे त्या गतीने चालत नाही. इथली वॉरंटीही त्याला लागू होण्याची शक्यता कमी. तेव्हा मशीन आणि विजेचा ग्राइंडर दोन्ही इथेच घ्यावेत. त्याला काही आणायचेच असेल तर हाताने फिरवण्याचा एखादा चांगला एस्प्रेसो ग्राइंडर आणायला सांगावे, तो वीज गेलेल्या दिवशी मोका पॉटसाठी उपयोगी पडेल. इथले मशीन ठरल्यानंतर त्या मापाच्या एक-दोन बास्केट आणि जास्तीचे गॅस्केटही त्याच्या बॅगेत मावतील. फक्त माप त्याला लेखी कळवावे, कारण ५४ चे गॅस्केट ५८ च्या मशीनला बसत नाही.